सोडलेले जनावर आणि त्याचे जगणे



दाना ओलीतून निघून लष्करची बाजारपेठ ओलांडली आणि शिवपुरीचा रस्ता धरला, की दोन-अडीच तासांत खैर, धावडा, सालई आणि करधई यांचे दगडाळ, खुरटे रान लागते. शिंदे दरबार उन्हाळ्यात शिवपुरीस हलत असे, त्या काळी हे रान म्हणजे राजधानीचे परसदारच होते. शिवपुरीच्या पश्चिमेस कुनो नदीचे खोरे आहे. नामशेष झालेले मोठे श्वापद पुन्हा आणून रानात सोडण्याचा प्रयोग सव्वाशे वर्षांच्या अवधीत या एकाच मुलखात दोन वेळा झाला. पहिल्या वेळी सिंह आणला गेला, दुसऱ्या वेळी चित्ता. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हे दोन्ही प्रयोग घरचेच आहेत. म्हणून शताब्दीच्या निमित्ताने हाच विषय विचारार्थ घेणे उचित ठरेल : रानात सोडलेले जनावर कशाने मरते आणि कशाने जगते?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मध्य भारतात सिंह होता. बंदूक आणि नांगर यांच्या रेट्यापुढे तो मागे हटत गेला आणि शतक संपता संपता केवळ काठेवाडच्या गीर अरण्यात, जुनागढच्या नवाबांच्या आश्रयाने उरला. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी तेथील सिंहाची शिकार करण्याचे नाकारले, आणि माधवराव महाराज शिंदे यांनी ग्वाल्हेर राज्यात सिंह पुन्हा वसवावा या कल्पनेलाही त्यांचे प्रोत्साहन मिळाले. माधवराव महाराज हे नुसते शिकारी राजे नव्हते. धरणे, रेल्वे, कारखाने या सर्वांत लक्ष घालणारा तो कर्ता पुरुष होता आणि सिंहाचे कामही त्यांनी त्याच तडफेने हाती घेतले. गीरचे सिंह मिळेनात, तेव्हा आफ्रिकेतून मागविले. कुनोच्या रानात डोब कुंड येथे उंच भिंतींचे आवार बांधून त्यांत ते ठेवले, वाढविले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत त्यांपैकी काही मोकळे सोडले.

परिणाम अनिष्ट झाला. सिंहांनी प्रथम गुरे मारली, पुढे माणसेही मारली. काही पुन्हा पकडावे लागले, काही गोळीला बळी पडले. १९२५ साली महाराजांचा मृत्यू झाला आणि त्या दशकाबरोबर हा प्रयोगही मिटला. लोकांच्या स्मरणात राहिली ती गोळीची गोष्ट : कोणत्या गावाजवळ कोणता सिंह पडला, एवढीच. पण या अपयशाचे बीज रानात सोडण्यापूर्वीच, आवारात पेरले गेले होते. भिंतीआड वाढलेल्या सिंहाला मांस समोर येऊन पडण्याची सवय लागते. माणसाचा वास त्याला भीतीचा न वाटता अन्नाचा वाटू लागतो. रानातला सिंह आईच्या मागे दोन वर्षे हिंडून शिकार शिकतो, ती उमेदवारी याला मिळालेली नसते. अशा जनावरापुढे एका बाजूला चपळ चितळ आणि दुसऱ्या बाजूला गोठ्यातली गाय असली, तर ते काय निवडील हे सांगायला ज्योतिषी नको.

स्वातंत्र्यानंतर पुन्हा एकदा असा प्रयत्न झाला. १९५७ साली वाराणसीजवळच्या चंद्रप्रभा अभयारण्यात गीरचा एक सिंह आणि दोन सिंहिणी सोडण्यात आल्या. हे जनावर आफ्रिकेचे नव्हते, या देशाचे होते. त्यांची वीण झाली आणि १९६५ पर्यंत संख्या अकरावर गेली. त्यानंतर ते सारे दिसेनासे झाले. क्षेत्र लहान होते, भोवती वस्ती होती, आणि सोडलेल्या सिंहांवर पाळत ठेवण्याची आजच्यासारखी व्यवस्था नव्हती. तीनांचे अकरा झाले म्हणजे प्रयोग साधला, असे त्या वेळी वाटले असेल. परंतु अकरा हा आकडा निसर्गाच्या हिशेबात फार लहान आहे. एक साथ, एक विषारी सापळा, एक वाईट वर्ष, यांपैकी कोणतीही एक गोष्ट अकरांचे शून्य करू शकते.

आता चित्त्याकडे वळू. चित्त्याचे नाते मराठी मुलखाशी जुने आहे. कोल्हापूर दरबारी काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते शिकवून तयार करीत. देशी चित्ता दुर्मीळ झाल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे आफ्रिकी चित्तेही आणविले गेले होते. बंदिवासात चित्त्याची वीण जवळजवळ होत नाही. अकबराच्या पदरी शेकडो चित्ते असूनही पिल्ले झाल्याची एकच घटना जहांगीराने नवलाची म्हणून नोंदवून ठेवली आहे. याचा अर्थ असा, की दरबारातील प्रत्येक चित्ता रानातून उचललेला असे, आणि जितके चित्ते दरबारी शोभले तितके रानातून वजा झाले. १९४७ साली कोरिया संस्थानात अखेरचे तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

कुनोचे रान मुळात चित्त्यासाठी नव्हे, तर गीरच्या सिंहांसाठी तयार करण्यात आले होते. १९९८ पासूनच्या काही वर्षांत तेथील २४ गावे उठवून बाहेर वसविण्यात आली. त्यांत बहुतांश सहरिया आदिवासी होते. सालईचा डिंक आणि तेंदूपाने यांवर ज्यांचे घर चाले, त्यांनी एका न पाहिलेल्या सिंहासाठी आपली गावे सोडली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सिंह कुनोत हलवावेत असा निर्णय दिला, तरीही सिंह आले नाहीत. पुढे २०२० मध्ये न्यायालयाने आफ्रिकी चित्ता प्रायोगिक स्वरूपात आणण्यास अनुमती दिली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून ८ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते कुनोत उतरले.

चित्ता आला, तेव्हा सर्वांच्या मनात एक भीती होती ती बिबट्याची. कुनोत बिबटे भरपूर आहेत आणि चित्ता हा भांडखोर प्राणी नव्हे. तो वेगासाठी घडला आहे, झुंजीसाठी नव्हे. सिंह आणि तरस त्याची शिकार हिसकावून घेतात, पिल्ले मारतात. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या माळावर झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात शंभर पिल्लांपैकी सुमारे पाचच मोठी झाली आणि मेलेल्यांपैकी बहुतेक सिंहांच्या तोंडी पडली, असे आढळले. त्यामुळे बिबट्याची धास्ती निराधार नव्हती. परंतु कुनोत पहिल्या वर्षी मृत्यू आला तो भलत्याच वाटांनी.

मार्च २०२३ मध्ये साशा नावाची मादी मूत्रपिंडाच्या विकाराने गेली. तो विकार भारतात येण्यापूर्वीच तिला जडलेला होता. मे महिन्यात दक्षा ही मादी नरांशी जुळविण्याच्या प्रयत्नात झालेल्या जखमांनी मेली. त्याच महिन्यात ज्वाला या मादीच्या चार पिल्लांपैकी तीन उन्हाळ्याच्या काहिलीत, अशक्तपणाने आणि शरीरातील पाणी आटून दगावली. नंतर पाऊस आला. जुलै आणि ऑगस्टमध्ये आणखी चित्ते मेले. त्यांपैकी काहींच्या मानेवर आणि पाठीवर जखमा होऊन त्यांत अळ्या पडल्या होत्या आणि तेथून जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता.

या शेवटच्या कारणापाशी क्षणभर थांबले पाहिजे, कारण त्यात सोडलेल्या प्राण्याची सारी शोकांतिका सामावलेली आहे. दक्षिण गोलार्धात जून ते सप्टेंबर हा हिवाळा असतो. तेथल्या चित्त्याच्या अंगावर त्या महिन्यांत दाट केस येतात. चित्ता विमानाने कुनोत आला, पण त्याच्या शरीरातले पंचांग नामिबियाचेच राहिले. बाहेर श्रावणाची झड लागलेली असताना त्याच्या अंगावर हिवाळ्याची लव वाढत होती. ती ओली लव, गळ्यातल्या रेडिओ पट्ट्याखाली कोंडलेला दमटपणा, घासून झालेले ओरखडे आणि त्यांवर बसणाऱ्या माश्या, एवढे जुळून आले की पुढचे काम अळ्यांनी केले. ज्या पट्ट्यामुळे त्याच्यावर नजर ठेवता येत होती, तोच पट्टा काही अंशी त्याच्या जखमेला साह्य करीत होता. जनावराचे शत्रू नेहमीच दात आणि नखे घेऊन येत नाहीत. कित्येकदा ते डोळ्यांना दिसतही नाहीत.

रोग आणि वन्य प्राणी यांच्या इतिहासात हाच धडा वारंवार मिळतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला बुळकांडी हे नाव चांगले ठाऊक होते. गावात बुळकांडी शिरली, की गोठेच्या गोठे रिकामे होत. ही साथ गुरांपुरती थांबत नसे. १९६८ साली दक्षिणेत मुदुमलै-बंदिपूर भागात तिने गव्यांचे कळप जवळजवळ नाहीसे केले. आफ्रिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शिरली आणि तिने गुरांबरोबर रानम्हशी आणि वाइल्डबीस्ट यांचाही संहार केला. पुढे तेथे जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचण्यात आली. रानातल्या एकाही वाइल्डबीस्टला कोणी सुई लावली नाही, तरी १९६० च्या दशकात त्यांच्यातील रोग हटला आणि अडीच लाखांच्या आसपास असलेली त्यांची संख्या १९७७ पर्यंत तेरा लाखांवर पोहोचली. गोठ्यातली गाय निरोगी झाली आणि रान भरून आले. भारत २००६ मध्ये बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये ती पृथ्वीवरूनच संपल्याची घोषणा झाली. पशुवैद्यांच्या या विजयाचा लाभ शेतकऱ्याइतकाच गव्याला झाला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

गाईचे जे, तेच कुत्र्याचे. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणुजन्य रोग. १९९४ साली तो सेरेंगेटीच्या सिंहांत पसरला आणि सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तेथील एकतृतीयांश, त्यात मेले. रोगाचा उगम भोवतालच्या गावांतील कुत्र्यांत असल्याचे दिसून आले. पुढील अभ्यासातून आणखी एक दुवा सापडला. त्या काळात अवर्षण पडले होते, उपासमारीने खंगलेल्या रानम्हशींवर गोचिडांचा सुळसुळाट झाला होता, आणि त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांना गोचिडांमुळे होणारा बाबेसिया हा दुसरा रोगही जडला होता. एकटा विषाणू सिंहाने कदाचित सोसला असता, पण विषाणू, गोचीड आणि दुष्काळ यांच्या त्रिकुटापुढे त्याचे काही चालले नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात तीन आठवड्यांत २३ सिंह मेले, तेव्हा हीच दोन नावे, डिस्टेंपर आणि बाबेसिया, पुन्हा पुढे आली. २०२५ च्या गणनेत गुजरातेतील सिंह ८९१ भरले. ही वाढ अभिमानास्पद खरीच, तथापि जगातले सारे मोकळे आशियाई सिंह एकाच टापूत असणे म्हणजे घरातला सगळा पैसा एकाच पेटीत ठेवण्यासारखे आहे. कुनोची २४ गावे ज्या विचाराने उठविली गेली, तो विचार हाच होता.

येथे एक शंका स्वाभाविकपणे उद्भवते. रोग आणि भक्षक हे निसर्गाचेच भाग असतील, तर मनुष्याने त्यांत हात घालावा कशाला? वाघ कळपातले अशक्त जनावर उचलतो आणि कळप निकोप राहतो, हे शालेय पुस्तकातले तत्त्व खोटे नाही. परंतु ते भरल्या रानाचे तत्त्व आहे. जेथे हजार हरणे आहेत तेथे वाघाने शंभर नेली तरी कळप उभा राहतो. जेथे साठच उरली आहेत तेथे प्रत्येक पाडस हे भांडवल असते. कान्हा येथील कठीण भूमीवरच्या बारशिंग्याचे उदाहरण या संदर्भात मनन करण्याजोगे आहे. १९७० साली तेथे अवघे ६६ बारशिंगे उरले होते. रोगाची शंका घेतली गेली, भक्षकांचा भारही होताच. उपाय मात्र एकांगी झाला नाही. कुरणातली गावे बाहेर वसविली, गवत वाढू दिले, आणि काही बारशिंगे भक्षकांना शिरता येणार नाही अशा कुंपणाच्या आवारात राखून त्यांची वीण होऊ दिली. हळूहळू कळप सावरले. २०१५ पासून त्यांतील काही सातपुड्याच्या व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडण्याइतकी सुबत्ता आली.

कुंपण डोब कुंडालाही होते आणि कान्हालाही होते. एका ठिकाणी ते घातक ठरले, दुसऱ्या ठिकाणी तारक. कान्हाच्या कुंपणात बारशिंगा आपलेच गवत खात होता, आपल्याच ऋतूत वीत होता, आणि माणसापासून दूर होता. डोब कुंडाच्या भिंतीआड सिंह माणसाच्या हातून जगत होता. आवार हे रानाची तालीम असावे, खानावळ नसावी. सोडलेल्या प्राण्याच्या बाबतीत कुंपण किती उंच आहे हे विचारण्याआधी, आतल्या प्राण्याला कुंपण काय शिकविते हे विचारणे अगत्याचे आहे.

रान जरी तयार असले, तरी तेथे आधीपासून कोणी राहत असते. महाराष्ट्रात ब्रह्मपुरी परिसरातील वाघिणी २०२३ मध्ये नागझिऱ्यास नेण्यात आल्या आणि त्यांतून तेथील वाघांना बळ मिळावे अशी योजना होती. २०२४ मध्ये सोडलेली तिसरी वाघीण मात्र काही दिवसांतच दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत मेली. नकाशावर मोकळी दिसणारी जागा वाघाच्या नकाशात मोकळी असेलच असे नाही. उलट, सोडलेल्या प्राण्याला जुने घरही विसरत नाही. पन्ना येथे २००९ साली एकही वाघ उरला नव्हता. तेथे पेंचहून आणलेला नर वाघ त्याच वर्षी नोव्हेंबरात बाहेर पडला आणि आपल्या मूळ रानाच्या दिशेने महिनाभर चालत राहिला. त्याला परत आणावे लागले. पुढे तोच पन्नाच्या नव्या वाघकुळाचा पिता झाला. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. त्यांत जनावर पाहावे सोडून, एवढे जोडायला हरकत नाही.

आणि अखेरीस माणूस. २०२४ मध्ये वीरा नावाची चित्ता-मादी कुनोच्या बाहेर पडून मुरैना आणि ग्वाल्हेरच्या गावांपर्यंत आली. तिने शेळ्या मारल्या. शेळी गेली की घरातली नड भागवायची रोकड गेली, हे ज्याच्या दारात शेळी बांधलेली असते त्यालाच कळते. अशा वेळी गावकऱ्याने काठी उचलली नाही, तर तो चित्त्याचा खरा आश्रयदाता समजावा. शिवपुरी जिल्ह्यातील करेऱ्याची हकीकत याच्या उलट आहे. १९८१ साली माळढोकासाठी तेथे अभयारण्य झाले. शेतकऱ्याची जमीन मात्र अभयारण्याच्या नियमांत अडकली, संरक्षणामुळे वाढलेली काळविटे पिके खाऊ लागली, लोक विटले, आणि ज्याच्यासाठी हे सारे मांडले तो माळढोकच तेथून नाहीसा झाला. भोवतालच्या माणसांना जे परवडत नाही ते रानाला टिकविता येत नाही. म्हणूनच चित्ते येण्यापूर्वी कुनोभोवतीच्या गावांतील कुत्र्यांना आणि गुरांना लस देण्याचे जे काम झाले, ते विमानाच्या आगमनापेक्षा कमी महत्त्वाचे मानू नये. ते काम छायाचित्रांत दिसत नाही. जगण्याची वाट मात्र तेथूनच जाते. आणि ज्या २४ गावांनी आपले रान सोडले, त्यांच्या वाट्याला या सगळ्यातून काय आले, हा प्रश्न चित्त्यांच्या संख्येइतकाच वारंवार विचारला गेला पाहिजे.

सिंहाचा प्रयोग आणि चित्त्याचा प्रयोग यांत शंभर वर्षांचे अंतर आहे. या शंभर वर्षांत श्वापद बदलले नाही, रोगही फारसे बदलले नाहीत. नोंद ठेवण्याची रीत मात्र बदलली. डोब कुंडाच्या सिंहांची आठवण शिकारकथांत विखुरली. कुनोतल्या चित्त्याच्या मृत्यूला तारीख आहे, शवविच्छेदन आहे, कारण आहे, आणि त्या कारणावर जाहीर वादही आहे. हा वाद कटू वाटला तरी तो हितकारक आहे. २०२३ च्या पावसाळ्यात अळ्यांनी चित्ते मेले, तेव्हा उरलेल्यांना पकडून तपासले गेले. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांना कीटकांपासून बचावाचे औषध देण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये पवन हा मोकळा फिरणारा नर नाल्याकाठी मेलेला आढळला, तेव्हा त्याचीही चौकशी झाली. लिहिलेला मृत्यू पुढच्या जनावराच्या उपयोगी पडतो. न लिहिलेला मृत्यू पुन्हा घडतो.

ग्रंथालयाच्या शताब्दीत हा विषय मांडण्याचे औचित्य येथेच आहे. ग्रंथालयाच्या फडताळांत यशाची पुस्तके पुष्कळ असतात. संस्थानांचे गौरवग्रंथ असतात, शिकारीची वर्णने असतात. परंतु जे फसले, ते का फसले, हे सांगणारा अहवाल, एखादे जुने गॅझेटियर, वनखात्याचा कंटाळवाणा वाटणारा वार्षिक वृत्तांत, हेही फडताळात असले पाहिजेत आणि वाळवीपासून जपले पाहिजेत. पुढे कधी कुनोत किंवा अन्यत्र कोणी जनावर सोडावयास निघाला, तर त्याला पहिला सल्ला अशा पानांतूनच मिळावयाचा आहे.

मे २०२३ च्या उन्हात ज्वालाची तीन पिल्ले गेली, तेव्हा चौथे पिल्लू, एक मादी, उरली. आईने तिला स्वीकारले नाही. माणसांनी तिला वाढविले, पण डोब कुंडाचा धडा जणू ध्यानी ठेवून, तिला शिकारीला लावले. मुखी हे तिचे नाव. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने कुनोत पाच पिल्लांना जन्म दिला. भारतात जन्मलेल्या चित्त्याची ही पहिली वीण. या पाचांपैकी किती मोठी होतील हे ऊन, पाऊस, गोचीड, बिबट्या आणि भोवतालचा माणूस हे सारे मिळून ठरवतील. त्यांपैकी अखेरच्यावर आपला अधिकार चालतो, म्हणून त्याची जबाबदारीही आपलीच आहे.